सगळे साइक्स एकाच घरातले का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या पुण्याच्या, लग्नानंतर लीड्समध्ये, सासरचं आडनाव साइक्स. सासरे ठामपणे सांगतात की जगातले सगळे साइक्स एकाच मूळ पुरुषाचे वंशज आहेत आणि हे डीएनएने सिद्धही झालंय. नणंदेने 'साइक्स घराण्याचं मानचिन्ह' विकत घेऊन दिवाणखान्यात लावलंय. इकडे पुण्यात तुमचे बाबा, हौशी पक्षीनिरीक्षक, विचारतायत की ज्याच्या नावाने साइक्सचा चंडोल ओळखला जातो तो कर्नल जावईबापूंचा पूर्वज आहे का.

सासऱ्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि हे 'निम्मं' मी आकड्याच्या अर्थाने म्हणते आहे. मानचिन्ह तुमचं नाही, असं धरून चाला. आणि कर्नलसाहेबांबद्दल, मधल्या प्रत्येक पिढीचा कागद हातात येईपर्यंत 'हो' म्हणू नका. आता सविस्तर.

मी वेस्ट यॉर्कशायरमध्ये बरीच वर्षं कुळशोधाचं काम करते. या भागात हे काम करणाऱ्याला साइक्स टाळताच येत नाहीत. हडर्सफील्डच्या आसपासच्या कुठल्याही घराण्याची वंशावळ चार-पाच पिढ्या मागे नेली की कुठेतरी एखादी साइक्स आजी भेटतेच.

आडनावाचा उगम सोपा आहे. उत्तर इंग्लंडच्या बोलीत डोंगरउतारावरून पाझरत येणाऱ्या लहान ओहोळाला, पाणथळ चरीला 'साइक' म्हणतात. जुन्या इंग्रजीतही तो शब्द होता आणि व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतही होता, त्यामुळे ज्या भागात त्यांची वस्ती झाली तिथे तो घट्ट रुजला. पेनाइन डोंगररांगेचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा आजही उघडलात तर एकेका माळावर पाच-सहा 'अमुक साइक' सापडतील. अशा ओहोळाकाठी राहणारा तो 'देल साइक', पुढे नुसता साइक, मग मागे 'स' लागून साइक्स. ब्रूक्स, बँक्स, ब्रिजेस या आडनावांनाही तो तसाच लागलेला आहे. याशिवाय काही गावांची आणि वाड्यांची नावंच यावरून पडली. बोलंडच्या रानात डन्सप ब्रिजजवळ साइक्स नावाची वस्ती आहे, डॉनकास्टरकडे साइकहाउस नावाचं गाव आहे. त्यामुळे एखाद्याचं आडनाव ओहोळावरून न येता गावावरूनही आलेलं असू शकतं.

उगमाबद्दल इतकं कळणं म्हणजे फार काही कळणं नव्हे, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. यॉर्कशायरात ओहोळ हजारो. तेव्हा एकमेकांशी काडीचंही नातं नसलेल्या अनेक माणसांना हे नाव पडलं असणार, असा कोणीही अंदाज करेल. जुन्या कागदांवर काम करणाऱ्या इतिहासकारांनीही तोच केला होता.

कागदांत हे नाव हडर्सफील्डच्या परिसरात 13व्या शतकाच्या अखेरीपासून दिसतं. पूर्वेकडचं फ्लॉक्टन आणि पश्चिमेला कोल्न नदीच्या खोऱ्यातलं स्लेथवेट, ज्याला तिथले लोक 'स्लॉइट' म्हणतात, ही दोन ठिकाणं वारंवार पुढे येतात. त्या काळी सामान्य शेतकऱ्याचं आडनाव पक्कं नव्हतं. बाप 'ओहोळाकाठचा' आणि मुलगा 'अमक्याचा मुलगा' असं सहज होई. दक्षिण इंग्लंडात आडनावं लवकर स्थिरावली, उत्तरेत उशिरा, बहुतेक ठिकाणी 14व्या शतकात.

म्हणूनच 1379 ची डोईपट्टीची यादी आमच्यासाठी फार मोलाची आहे. दुसऱ्या रिचर्डच्या काळातला हा कर 16 वर्षांवरच्या सगळ्यांवर होता. नवरा-बायको मिळून एक धरायचे, आणि साध्या कुटुंबाला चार पेन्स, म्हणजे एक ग्रोट, द्यावा लागे. वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम विभागाच्या, याद्या इतर बऱ्याच भागांपेक्षा चांगल्या टिकल्या आणि छापल्याही गेल्या. यादी मौजेवार आहे, भाषा लॅटिन, नोंदींचा साचा ठरलेला: माणसाचं नाव, 'एत उक्सोर एयुस' म्हणजे 'आणि त्याची बायको', शेवटी चार पेन्स. बायकोचं नाव नाही. ओळीमागून ओळ तेच. पण ती यादी वाचताना आडनाव कोणत्या मौजात पाय रोवून उभं आहे आणि कोणत्या मौजात अजून घट्ट झालेलं नाही, हे स्पष्ट दिसतं. कुणी अजून 'अमक्याचा नोकर' एवढ्यावरच नोंदलेला असतो.

आता नकाशाकडे. 1881 च्या शिरगणतीची संपूर्ण नक्कल स्वयंसेवकांनी उतरवून काढली आहे, आणि आडनावांचे नकाशे बहुधा तिच्यावरूनच काढतात. त्यात साइक्स आडनावाचा गडद डाग वेस्ट रायडिंगवर पडतो, सर्वांत गडद हडर्सफील्डवर. तिथून तो पश्चिमेला डोंगर ओलांडून लँकेशायरच्या ओल्डमकडे आणि चेशायरच्या ईशान्य कोपऱ्यात उतरलेला दिसतो. विनोदी अभिनेते एरिक साइक्स 1923 साली ओल्डमला जन्मले, ते याच ओघातलं नाव. इंग्लंडच्या दक्षिणेकडे रंग फिका होत जातो.

नकाशा वाचताना दोन गोष्टी सांभाळा. संख्या आणि दाटी या वेगळ्या आहेत. लंडनमध्ये साइक्स पुष्कळ दिसतील, कारण लंडनमध्ये माणसंच पुष्कळ. आडनावाचं मूळ शोधायला दर हजारी किती, हे बघायचं. त्या हिशेबाने आजही हडर्सफील्डच पुढे आहे. सातशे वर्षांनी, रेल्वे, गिरण्या, दोन महायुद्धं आणि मोटारगाड्यांनंतरही. दुसरं, परगण्यांच्या हद्दी बदलल्या. सॅडलवर्थ डोंगराच्या पश्चिमेला आहे, पण 1974 पर्यंत ते यॉर्कशायरात मोडत होतं. जुन्या नकाशातला यॉर्कशायरचा साइक्स नव्या नकाशात ग्रेटर मँचेस्टरचा होतो, माणूस जागचा हललेलाही नसतो.

हे नाव इतकी शतकं एका खोऱ्यात का टिकलं? मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त भावणारा भाग हाच. कोल्नच्या खोऱ्यातली जमीन हलकी, पाऊस भरपूर, गहू धड पिकत नाही. नुसत्या शेतीवर तिथे मोठं कुटुंब जगलंच नसतं. पण घरोघरी हातमाग होता. चार-दोन एकरांचा तुकडा, एखादी गाय आणि माडीवर माग. त्या जुन्या घरांच्या वरच्या मजल्याला एका ओळीत सात-सात, आठ-आठ खिडक्या आजही दिसतात. मागावर उजेड पडावा म्हणून त्या केलेल्या. धाकट्या मुलालाही पोट भरायला गाव सोडावं लागत नसे, तो शेजारीच दुसरा माग मांडे. कापड विकायला हडर्सफील्डचा बाजार जवळ. 1766 साली तिथे स्वतंत्र क्लॉथ हॉलही उभा राहिला. पुढे गिरण्या आल्या त्याही याच खोऱ्यात, पाण्याच्या जोरावर. मुलं जागेवरच वाढली, त्यांची मुलंही. हेग, आर्मिटेज, क्राउथर, डायसन, हर्स्ट, बोमाँट ही त्या भागातली इतर आडनावंही अशीच फोफावली.

परिणाम असा झाला की एकाच मौजात एकाच नावाची माणसं ढिगाने. आपल्याकडे पाटलांच्या गावात निव्वळ 'पाटील' म्हणून भागत नाही, 'वरच्या आळीतल्या बापूंचा सुरेश' म्हणावं लागतं, तशीच सोय तिथल्या लोकांनी केली. 'बिल ओ' जॅक्स', म्हणजे जॅकचा बिल. कधी तीन-तीन पिढ्यांची साखळी लावत. सॅडलवर्थच्या माळावर 'बिल्स ओ' जॅक्स' नावाने ओळखलं जाणारं एक मद्यगृह होतं, 1832 साली तिथे झालेल्या दुहेरी खुनामुळे ते नाव देशभर गाजलं. ही बोलीतली नावं कधीकधी चर्चच्या नोंदवहीतही सापडतात, आणि सापडली की मी हरखून जाते, कारण बाप-आजा एका ओळीत मिळतो.

तुमच्या कामातही खरी अडचण इथेच येणार आहे. वंशावळीच्या एखाद्या संकेतस्थळावर 'जॉन साइक्स, बाप्तिस्मा 1760 च्या आसपास, हडर्सफील्ड' असं शोधा, समोर अनेक जॉन येतील. त्यांतला पहिला उचलून वंशावळीला चिकटवणं हा या धंद्यातला सर्वांत मोठा रोग आहे. एकाने चिकटवलं की पुढचे पन्नास जण तेच उतरवतात आणि पन्नास ठिकाणी आहे म्हणून ते खरं वाटू लागतं. तसं करू नका. प्रत्येक जॉनचा पाठपुरावा करा. यातला कोण लहानपणीच गेला, कोणाचं लग्न दुसऱ्या मौजात झालं, कोणाच्या मृत्युपत्रात कोणत्या मुलांची नावं आहेत. बाकीचे सगळे बाद झाले आणि एकच उरला, तरच तो तुमचा. 1858 पूर्वीची यॉर्कशायरची बरीचशी मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. हातमागवाल्या कुटुंबांची मृत्युपत्रं वाचायला फार गोड असतात. माग कोणाला, गाय कोणाला, बिछाना कोणाला, सगळं लिहिलेलं असतं.

आता डीएनए. तुमच्या सासऱ्यांनी जे ऐकलंय त्याला भक्कम आधार आहे. ऑक्सफर्डचे आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स, हे स्वतःच साइक्स, यांनी सहकारी कॅथरीन अर्व्हनबरोबर 2000 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यामागची कथा अशी की औषधकंपनी ग्लॅक्सोचे तेव्हाचे प्रमुख सर रिचर्ड साइक्स, हे मूळचे हडर्सफील्डकडचे, आणि ब्रायन यांचं नातं आहे का, असा प्रश्न निघाला. दोघांनाही तशी काही माहिती नव्हती. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि इंग्लंडात आडनावही तसंच जातं, तेव्हा दोन्ही ताडून बघता येतील, ही कल्पना. दोघांचं जुळलं. मग यॉर्कशायर, लँकेशायर आणि चेशायरमधल्या साइक्स पुरुषांना पत्रं पाठवून नमुने मागवले. तपासलेल्या 48 जणांपैकी 21 जणांचा वाय गुणसूत्राचा ठसा अगदी एकच निघाला. त्याच भागातल्या इतर आडनावांच्या तुलनेच्या नमुन्यांत तो ठसा आढळला नाही. निष्कर्ष असा मांडला गेला की आजच्या साइक्स पुरुषांचा मूळ पुरुष एकच असावा. ज्यांचं जुळलं नाही त्यांच्या बाबतीत मधल्या सातशे वर्षांत केव्हातरी वंशाचा धागा बदलला असावा, आणि त्यासाठी दर पिढीला सरासरी 1.3 टक्के एवढं प्रमाण पुरेसं ठरतं, असं त्यांनी म्हटलं.

हा निबंध मला आवडतो, त्याने या शास्त्राला दिशा दिली. पण त्यातून 'सगळे साइक्स एका घरातले' असं निघत नाही. जुळणारे निम्म्याहून थोडे कमीच होते. त्या वेळी गुणसूत्रावरच्या फक्त चार खुणा तपासल्या होत्या. आज साध्या चाचणीतही 37 तपासतात, 111 पर्यंत जाता येतं आणि त्यापुढे जवळजवळ संपूर्ण वाय गुणसूत्र वाचता येतं. चार खुणांवर एकसारखे दिसणारे दोघे 37 खुणांवर लांबचे निघू शकतात. शिवाय न जुळणाऱ्या उरलेल्यांत वेगळ्याच ओहोळाकाठचे, वेगळ्या मूळ पुरुषाचे साइक्स असणार नाहीत असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग कागदांत इतके साइक्स आणि डीएनएत एकाचंच पारडं जड, हे कसं? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बापाकडून मुलाकडे जाणारा वंश फार सहज खुंटतो. एका पिढीत सगळ्या मुलीच झाल्या, किंवा मुलगे जगले नाहीत, की तो धागा संपला. 1348–49 च्या प्लेगने तर खेड्यांमागून खेडी ओसाड केली, आणि तो आला नेमका आडनावं स्थिरावत असताना. तेव्हा सुरुवातीला दहा साइक्स घरं असतील आणि त्यांतली बहुतेक विझून एखाद्याच घराचा वंशवृक्ष फोफावला असेल, यात नवल काहीच नाही. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 साली 40 ब्रिटिश आडनावांच्या 1,678 पुरुषांचा अभ्यास केला, त्यात हे चित्र आणखी स्पष्ट झालं. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेकांचा ठसा एकच. स्मिथ मात्र रस्त्यावरचे कोणतेही चार लोक गोळा करावेत इतके भिन्न, कारण लोहार गावोगावी होते. साइक्स या दोन टोकांच्या मध्ये बसतात, आणि इतकं सर्रास आढळणारं आडनाव असूनही दुर्मीळ आडनावांच्या बाजूला झुकतात, हेच त्यांचं वैशिष्ट्य.

ज्यांचा ठसा जुळत नाही त्यांच्याबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. वर्तमानपत्रं अशा वेळी लगेच बायकांच्या व्यभिचाराच्या बातम्या करतात. जुन्या नोंदवह्या रोज वाचणाऱ्याला ठाऊक असतं की कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. लग्नाआधी झालेल्या मुलाला आईचं आडनाव मिळे. म्हणजे साइक्सच्या मुलीचा मुलगा साइक्स म्हणूनच वाढला, त्याची मुलं-नातवंडं साइक्स, पण वाय गुणसूत्र दुसऱ्याचं. विधवेने दुसरं लग्न केलं तर लहान मुलं सावत्र बापाच्या नावाने ओळखली जात. अनाथ भाचा मामाच्या घरी वाढला की मामाचं नाव घेई. पहिल्या उदाहरणातला मुलगा तर आईकडून रक्तानेही साइक्सच आहे, त्याच घरात, त्याच मागाशेजारी वाढलेला. तो 'खरा साइक्स नाही' असं म्हणायला मी कधीही तयार होणार नाही. वाय गुणसूत्राला आई दिसत नाही, हा त्या चाचणीचा दोष आहे, त्या माणसाचा नाही.

मानचिन्हाचं लवकर आटपते. इंग्लंडात मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं आणि त्याच्या वारसांना पुढे जातं. हे काम 1484 मध्ये स्थापन झालेलं लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स बघतं. नणंदेने घेतलेल्या फलकावर पांढऱ्या ढालीवर काळी कोनपट्टी आणि तिच्याभोवती निळ्या-पांढऱ्या नागमोडी रेघांच्या तीन चकत्या असतील तर ते स्लेडमीरच्या साइक्स घराण्याचं चिन्ह आहे. त्या चकत्या म्हणजे झरे, आणि मानचिन्हांच्या परिभाषेत त्यांना 'साइक' असंही म्हणतात, म्हणून त्या घराण्याने त्या निवडल्या. हे घराणं लीड्स आणि हलच्या व्यापारातून वर आलं, 1783 साली त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला, आणि ईस्ट रायडिंगमधला त्यांचा स्लेडमीरचा वाडा आजही बघता येतो. मध्यपूर्वेच्या वाटणीच्या 1916 च्या साइक्स-पिको करारातले सर मार्क साइक्स याच घरातले. त्यांचे पूर्वज 16व्या शतकात कार्लाइलकडून लीड्सला आले असं ते घराणं परंपरेने सांगत आलंय. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसारही ते हडर्सफील्डचे नव्हेत. तुमचे सासरे लीड्सचे आहेत एवढ्यावरून तो धागा जोडू नका. 19व्या शतकात हडर्सफील्डकडून लीड्सला कामासाठी आलेले साइक्स कितीतरी होते.

आता तुमच्या बाबांचे कर्नल. विल्यम हेन्री साइक्स, जन्म 1790, वडील ब्रॅडफर्डजवळच्या फ्रिझिंगहॉलचे सॅम्युअल साइक्स. विल्यम अगदी कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात आला, 1817 च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला, आणि 1824 मध्ये गव्हर्नर एलफिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी वार्ताहर नेमलं. पुढची काही वर्षं तो दख्खनभर फिरला. पिकं, जमिनी, माणसं, पाऊस, जनावरं, मासे, पक्षी, सगळं मोजत आणि नोंदत. 1832 साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तुमच्या बाबांच्या चंडोलाचं शास्त्रीय नाव 'गॅलेरिडा देवा', एका वटवट्याचं 'इडुना रामा', आणि एका रातव्याचं तर चक्क 'कॅप्रिमल्गस महरट्टेन्सिस', ही सगळी त्यानेच दिलेली नावं. पुढे तो कंपनीचा अध्यक्ष झाला, अ‍ॅबर्डीनचा खासदार झाला, 1872 मध्ये वारला. मुंबई इलाख्याशी संबंध आलेले आणखी एक साइक्स म्हणजे 1928 ते 1933 मधले गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स. मिठाचा सत्याग्रह आणि सोलापूरचा मार्शल लॉ त्यांच्याच कारकिर्दीतला. ते जन्मले लंडनजवळच्या क्रॉयडनला. एका शतकाच्या अंतराने एकाच इलाख्यात आलेल्या या दोघांना आडनावाने एकत्र बांधता येतं, नात्याने बांधायला कागद लागतात.

फ्रिझिंगहॉल हडर्सफील्डपासून फार लांब नाही, त्यामुळे कर्नलचं घराणं आणि तुमच्या सासरचं घराणं खूप मागे कुठेतरी एक असणं अशक्य नाही. पण पूर्वज म्हणायचं तर सासऱ्यांपासून मागे जात त्याच्यापर्यंत किंवा त्याच्या बापापर्यंत पोचायला हवं. नामवंत माणसापासून खाली उतरत आपल्या घरापर्यंत यायचं नाही. त्या वाटेने हवं ते सिद्ध करता येतं. बाबांना सांगा, तोवर चंडोल बघत राहा.

प्रत्यक्ष सुरुवात सासऱ्यांच्या आई-वडिलांच्या लग्नाच्या दाखल्यापासून करा. इंग्लंड आणि वेल्समध्ये नागरी नोंदणी 1 जुलै 1837 पासून आहे. लग्नाच्या दाखल्यावर वधू-वर दोघांच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो. आयांची नावं 2021 पासून यायला लागली, त्याआधीच्या दाखल्यांवर ती शोधू नका. त्यासाठी जन्माचा दाखला घ्या. त्यानंतर शिरगणती. 1921 ची 2022 पासून खुली झाली आहे. 1931 ची दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आगीत जळाली, 1941 ला झालीच नाही, तेव्हा मधली पोकळी 1939 च्या राष्ट्रीय नोंदवहीने भरून काढायची. मागे जाताना 1851 पर्यंत प्रत्येक माणसाचं जन्मगाव आणि कुटुंबप्रमुखाशी नातं मिळतं. 1841 मध्ये ते मिळत नाही आणि मोठ्यांची वयंही साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात. म्हणून 1851 मधलं जन्मगाव हा तुमच्या शोधातला सर्वांत महत्त्वाचा शब्द. तिथे गोलकर, स्लेथवेट, मार्सडन, आमंडबरी असं काही निघालं तर तुम्ही हडर्सफील्डच्या साइक्सांत आहात.

1837 च्या मागे चर्चच्या नोंदवह्या, जिथे टिकल्या तिथे 1538 पासून. वेस्ट यॉर्कशायर आर्काइव्ह सर्व्हिसच्या ताब्यातल्या बहुतेक नोंदवह्यांची छायाचित्रं ऑनलाइन आहेत. मूळ पानाचं चित्र बघा, नुसत्या सूचीवर विसंबू नका. साइक्स, साइक्, सिकेस, सायकेस अशी वाटेल तशी रूपं सूचीत हरवतात. 1770 नंतरच्या काही दशकांत यॉर्कच्या धर्मप्रांतात विल्यम डेड नावाच्या पाद्र्याने घालून दिलेली सविस्तर पद्धत काही ठिकाणी पाळली गेली. तशा नोंदवहीत बाळाच्या बाप्तिस्म्याबरोबर आजी-आजोबांची नावं, गाव, धंदा सगळं मिळतं. तुमच्या चर्चमध्ये ती पाळली गेली असेल तर एका पानात तीन पिढ्या हाती लागतील. आणि हो, बरीच विणकर कुटुंबं मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट, म्हणजे अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांची होती. बाप्तिस्मा सापडत नसेल तर त्यांच्या वह्या वेगळ्या बघा.

डीएनए चाचणी करायची असेल तर तुमच्या मुलाची नको, सासऱ्यांची करा. वाय गुणसूत्र दोघांचं एकच, पण सासरे दोन पिढ्या मागे आहेत आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतात. निदान 37 खुणांची घ्या. नुसता निकाल हातात घेऊन बसण्यापेक्षा ज्यांची वंशावळ कागदांवरून पक्की झालेली आहे अशा साइक्स पुरुषांशी तो ताडून बघा, कारण एकट्या निकालावरून घराणं कळत नाही. आणि नमुना देण्यापूर्वी त्यांच्याशी नीट बोला. ठसा त्या 21 जणांसारखा निघाला नाही तर त्यांना कसं वाटेल, घरात ते कोणाकोणाला सांगायचं, हे आधी ठरवा. त्यांना नको असेल तर हट्ट धरू नका. हडर्सफील्डच्या परिसरात निव्वळ कागदांच्या बळावर 1700 च्या पलीकडे गेलेली साइक्स घराणी मी पाहिली आहेत, आणि त्यासाठी लागतो तो फक्त लग्नाचा पहिला दाखला.